तुला न दिलेलं औषध

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माइक शिट्टी मारत होता. तळवलीच्या समाजमंदिरात आपले सगळे जमलेले. भन्तेजी बोलायला उभे राहिले आणि स्पीकरमधून ती कानात घुसणारी किंचाळी सुरू झाली. सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या, डाव्या कोपऱ्यात, जिथे तू मिक्सर मांडून बसायचास तिथे. मिक्सर तुझाच होता, स्पीकरही तुझेच. तुझा भागीदार सुरेश घामाघूम होऊन एकेक बटण फिरवून बघत होता. वहिनी खाली सतरंजीकडे बघत राहिली. शेवटी भन्तेजींनी माइक बाजूला ठेवला आणि तसेच बोलले. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नसणार.

तुझ्याबद्दल लोक भरभरून बोलले. मिलिंद साउंडवाल्याने कुणाच्या जयंतीला, कुणाच्या साखरपुड्याला नाही म्हटलं नाही. सगळं खरंच होतं. मलाही बोल म्हणाले. मी नमस्कार करून खाली बसले. मला तुझ्याबद्दल काही सांगायचं नव्हतं. तुलाच सांगायचं होतं, आणि तेव्हा ते माझ्याकडेही पुरतं नव्हतं. आता आहे.

आपल्या बाबांपासून सुरुवात करते, कारण आपलं दोघांचं सगळं तिथूनच सुरू झालं. बाबा पावण्याच्या केमिकल कारखान्यात ऑपरेटर. त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा चाळीतले सगळे म्हणाले, केमिकलने गेल्या. आईही तेच म्हणायची, जाईपर्यंत म्हणाली. तू तर कारखान्याच्या गेटवर जाऊन भांडून आलास. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांच्या फायलीत एका डॉक्टरने लिहिलेला आजार मी पुस्तकात शोधला. दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याचे फोड होतात, वाढत जातात, द्राक्षाच्या घडासारखे, आणि चांगल्या भागाला जागाच उरत नाही. हा आजार कारखान्यातून येत नाही. रक्तातून येतो. बाबांनी तो महाडकडच्या गावाहून ट्रंकेबरोबर इकडे आणला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. पुस्तकात असंही होतं की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

वाशीला आपण सोनोग्राफीला गेलो ते तुला आठवत असेल. आधी मी आत गेले. डॉक्टरीणबाई बोलत होत्या, कॉलेज कुठलं, विषय कुठला. मग तू गेलास, आणि मी दाराबाहेरून ऐकत होते, त्या बोलायच्या थांबल्या. तू बाहेर आलास ते पोटावरची जेल रुमालाने पुसत. माझ्याकडे बघून म्हणालास, "एक तरी सुटली." आणि खरोखर हसलास. मला त्या हसण्याचं काय करायचं ते कळलं नाही. अजून कळलेलं नाही. मग तू मला उसाचा रस पाजलास, जणू मीच आजारी होते.

मी पुढे शिकले ते कशासाठी हे आपण कधी बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. पण तू स्टेजवरून, माइक हातात घेऊन, अख्ख्या वस्तीला सांगायचास की माझी बहीण माझ्यासाठी औषध बनवते. मी खाली उतरल्यावर चिडायचे. "दादा, मी औषध नाही बनवत. मी उंदरांच्या पेशी बघते." तू म्हणायचास, "तेच ते. लोकांना उंदीर सांगून काय करू?"

एकदाच तू नीट बसून विचारलंस. रबाळ्याच्या लॅबमधून मी तुझ्याकडे जेवायला आले होते. तू गोडाऊनमध्ये वायरी गुंडाळत होतास. म्हणालास, "नंदे, मला समजेल असं सांग. नाही समजलं तर बोलीन तसं."

मी सांगितलं की पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी चिमुकले तुकडे असतात. त्यांच्यापासून काही बनत नाही. ते फक्त दुसऱ्या जनुकांचा आवाज कमी करतात. तुझ्या आजारात असा एक तुकडा प्रमाणाबाहेर वाढतो. पेशीची चरबी जाळून ताकद मिळवायची जी यंत्रणा आहे, तिचा आवाज तो दाबून टाकतो. मग फोडांच्या पेशी नुसत्या साखरेवर जगतात आणि वाढत सुटतात. आम्ही त्या तुकड्याला जाऊन चिकटेल असा उलटा तुकडा तयार करतो. तो गप्प झाला, की पेशी पुन्हा पहिल्यासारखं खायला लागतात. फोड वाढायचे मंदावतात.

तू वायर गुंडाळायची थांबवलीस. "म्हणजे जो म्यूट करतोय, त्यालाच म्यूट करायचं."

"हो."

"बस्स एवढंच? मग इतकी वर्षं काय करताय तुम्ही लोक?"

वहिनी भाकरी थापता थापता हसली. मीही हसले. तेव्हा तुझ्या किडन्या निम्म्याने चालत होत्या आणि आपल्या सगळ्यांनाच वाटत होतं की वेळ आहे.

मग ती संध्याकाळ. तुझा टेम्पो लॅबच्या गेटसमोर उभा दिसला. मला वाटलं, महाप्याला कुठे कार्यक्रम असेल, जाता जाता थांबला. तू आत बस म्हणालास. पुढच्या काचेला निळा झेंडा, मागे स्पीकर दोरीने बांधलेले. तू स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत होतास.

"रिपोर्ट आलाय. उतरतंय. डॉक्टर बोलला, डायलिसिसची तयारी ठेवा."

मी काहीतरी म्हणाले, आकडे विचारले असतील. मला आकडे विचारायची सवय.

"ते तुझं औषध," तू म्हणालास. "लॅबच्या फ्रीजमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग मला टोच."

मी तुला सगळं सांगितलं, जे तुला सांगायला मला नको होतं. की ते उंदराच्या वजनासाठी बनवलेलं आहे. माणसाला किती द्यायचं हे कुणालाच ठाऊक नाही. की तोच तुकडा शरीरात दुसरीकडे उपयोगाची कामंही करतो, आणि ती थांबली तर काय होईल ते माहीत नाही. लिव्हर जाऊ शकतं, रक्त बिघडू शकतं. परदेशात माणसांवर चाचण्या सुरू व्हायच्या बेतात होत्या, पण इथे नव्हत्या, आणि असत्या तरी फ्रीज उघडून सख्ख्या भावाला सुई देणं याला चाचणी म्हणत नाहीत.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "उंदरांना विचारलंस का तू?"

"नाही."

"मी तर स्वतःहून मागतोय. सही करून देतो. तुझ्या वहिनीची पण देतो."

"नाही, दादा."

"उंदरांना देतेस. भावाला नाही."

"हो."

शेजारून कंपनीच्या बसगाड्या सुटत होत्या. तू चावी फिरवलीस. मी उतरले. तू गेलास ते कोपरखैरण्याला मला सोडायचं विसरून, किंवा न विसरता. मी रिक्षाने घरी गेले.

पुढे बरेच दिवस तुझा फोन नाही. मग एकदा आला तो नेहमीच्या आवाजात. मसाला मार्केटमधून वहिनीला चांगली बेडगी मिरची हवी होती आणि माझ्या ओळखीचं तिथे कुणी होतं का, असं विचारत होतास. तूच मार्केटमध्ये पन्नास माणसं ओळखायचास. मी म्हणाले, बघते. आपलं भांडण त्या मिरचीखाली दडपलं गेलं. तिथेच राहिलं.

तुला माझी किडनीही देता आली नाही. मी तर निरोगी, सुटलेली. तपासण्या केल्या आणि डॉक्टर म्हणाले, तुमच्या रक्ताशी यांचं जुळत नाही, शरीर झटकून टाकेल. वहिनीला शुगर. यादीत नाव लावून आपण वाट बघत बसलो. मला हसू यायचं, वाईट हसू. आपल्याला सारखंच आवडायचं, सारखाच राग यायचा, आईची चाल दोघांनाही आली होती. एवढंच काय ते जुळलं नाही.

डायलिसिसवर तू रडत बसशील असं मला वाटलं होतं. तू तिथेही माणसं जमवलीस. पाणी मोजून प्यायचं आणि तू गाणारा माणूस. गळा कोरडा पडला की बर्फाचा खडा गालात धरायचास आणि शेजारच्या खुर्चीतल्या मावशींना भीमगीत म्हणून दाखवायचास, सिस्टर ओरडेपर्यंत. डाव्या हातावरच्या, डायलिसिससाठी फुगवलेल्या शिरेतून रक्त घरघर वाहायचं. तू माझा कान धरून त्यावर टेकवलास. "बेस बघ कसला हाय. असा वूफर मार्केटमध्ये मिळायचा नाय." पोट वाढलं होतं. लोक म्हणायचे, मिलिंददादा सुटले, बरं चाललंय वाटतं. तू म्हणायचास, हो, तुमची वहिनी चारते. त्या पोटात काय वाढलं होतं ते मला दिसायचं.

अशाच एका दुपारी, मशीन चालू असताना, तू स्वतःच तो विषय काढलास. मी मासिक चाळत होते.

"नंदे, तेव्हा दिलं असतंस तर मी घेतलं असतं."

"माहितीय."

"आणि मला काय झालं असतं तर तू जगली नसतीस. ते पण मला समजतं. म्हणून तू बरोबर केलंस." तू मशीनकडे बघितलंस. "पण मला राग आहे. तो जात नाय. मी प्रयत्न केला."

मी म्हणाले, "राहू दे."

"राहू देतो," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

इतकं खरं माझ्याशी दुसरं कुणी बोललेलं नाही. तू मला माफ केलं असतंस तर मी घरी जाऊन रडले असते. तू राग ठेवलास आणि माझा हातही धरून ठेवलास, सुई नसलेल्या हाताने. मी तुला उत्तर देणार होते. मला सांगायचं होतं की मलाही राग आहे, तुझ्यावर नाही, स्वतःवरही नाही, त्या फ्रीजवर, उशिरा येणाऱ्या सगळ्या गोष्टींवर. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात मशीनचा भोंगा वाजला आणि सिस्टर आली.

आपलं दुसरं भांडण यशूचं. तुझी यशोधरा. तिच्यापुढे तेच, निम्मी शक्यता. तुझ्या रक्तात चूक नेमकी कुठे आहे ते आपण काढून घेतलं होतं. तिचं रक्त तपासलं की हो की नाही, स्पष्ट कळलं असतं. मी म्हणायचे, ती सज्ञान झाली, तिला विचार तरी. आतापासून ब्लडप्रेशर सांभाळता येईल, पुढे औषध आलं तर वेळेवर सुरू करता येईल. तुझं एकच.

"जोपर्यंत बघितलं नाय, तोपर्यंत तिला नाय."

"असं नसतं, दादा."

"तुझ्यासाठी नसेल. मी बाप आहे. मला असं असतं."

तिला तहान जास्त लागली की तू तिच्याकडे बघायचास. कंबर दुखते म्हणाली की तू उठून बाहेर जायचास. ती नाचली, धावली, परीक्षेला बसली, आणि तू त्या सगळ्यात आजार शोधत राहिलास. हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं, हे मला आत्ता कळलं.

तू गेलास त्या सकाळी गोडाऊनमध्ये होतास. वहिनीला म्हणालास, डोकं फुटतंय, जरा टेकतो. टेकलास तो उठला नाहीस. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. याच आजारात काहींच्या शिरा अशा नाजूक असतात. एकदा स्कॅन केला होता, तेव्हा काही दिसलं नव्हतं. आपण सगळे तुझ्या किडन्यांकडे डोळे लावून बसलो होतो आणि आजार दुसऱ्याच दाराने आला. माझ्या औषधाने ती शीर वाचली असती का? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. लॅबमधल्या एका मैत्रिणीने समजूत घातली, नाहीतरी उपयोग झाला नसता. ती चांगल्या मनाने म्हणाली. मी चहा तसाच ठेवून उठले.

तू गेल्यावर काही आठवड्यांनी उंदरांच्या नव्या गटाचे निकाल आले. औषध दिलेल्यांच्या किडन्या लहान राहिल्या. काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकात बघितलं, फोड थोडे, मधली जागा भरलेली. चरबी जाळायची यंत्रणा पुन्हा सुरू झालेली दिसत होती. इतका स्वच्छ निकाल मी यापूर्वी बघितला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी समोसे मागवले. मी समोसा घेतला, सगळ्यांशी बोलले. मग जिन्यात जाऊन उभी राहिले. पूर्वी असं काही झालं की मी तुला फोटो पाठवायचे, आणि तू विचारायचास, "यात चांगलं कुठलं नि खराब कुठलं?" मी बाण काढून पाठवायचे. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना दिसतच होतं.

घरी आता रविवार लांब वाटतो. तू रविवारी यायचास असंही नव्हतं, कार्यक्रमच असायचे. पण येशील असं असायचं. मी खिडकी लावून घेते. खालच्या मैदानात कुठल्यातरी मंडळाचा साउंड लागलेला असतो, आणि ऐकता ऐकता मी म्हणते, ट्रेबल जास्त आहे. मग घरात कुणीच काही म्हणत नाही.

आता जे सांगायचं होतं ते.

पुण्यानुमोदनाच्याच दिवशी, जलदान विधीनंतर पाहुणे गेल्यावर यशू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, मला ती टेस्ट करायचीय."

"कुठली?" मी उगाच विचारलं.

"पप्पा ज्याच्यावरून तुझ्याशी भांडायचे ती. मला लहानपणापासून माहितीय. मी विचारलं असतं तर पप्पांना हो किंवा नाही बोलायला लागलं असतं. म्हणून नाही विचारलं."

दादा, तू तिला जपत होतास आणि ती तुला जपत होती. एकाच घरात, एकाच ताटावर बसून.

मी तिला वेळ घे म्हणाले. तिने घेतला. मी माझ्या हाताने काही केलं नाही, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं, तिथल्या बाईंनी तिला दोनदा बसवून समजावलं, कळलं तर काय, नाही कळलं तर काय. मग रक्त दिलं. वहिनीला आम्ही सांगितलं. ती म्हणाली, जे असेल ते असेल, मला बाहेर बसू द्या. निकालाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. वहिनी खरंच बाहेर बसली, तुझा रुमाल मुठीत धरून.

त्या बाई हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फिरवून सांगितलं नाही. म्हणाल्या, "वडिलांच्या रक्तात जो बदल होता, तो तुझ्यात नाही."

यशू म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे तुला हा आजार होणार नाही. तुझ्या मुलांनाही तुझ्याकडून जाणार नाही."

तिने रिपोर्ट स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाली, "पप्पा उगाचच..." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर येऊन तिनेच आईला सांगितलं. वहिनीने तो रुमाल तोंडात धरला आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर इतकी रडली, की शेजारच्या लोकांना वाटलं, वाईट काहीतरी कळलं.

आनंद झाला, दादा. खूप झाला. पण तो घेऊन जाण्यासारखी जी एक जागा होती, ती उरली नाही. इतकी वर्षं तू जे काळजीचं ओझं वागवलंस, मुलीच्या पाण्याचे ग्लास मोजलेस, ते कशासाठीच नव्हतं. तपासून घेतलं असतं तर तुला ही एक गोष्ट तरी मिळाली असती. माझंच बरोबर होतं, आणि बरोबर असण्याचं आता मी काय करू? आणि उलटं निघालं असतं तर? मग तुझंच बरोबर ठरलं असतं. हे भांडण मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडते आहे आणि दोन्ही बाजूंनी हरते आहे.

आणखी एक. बाबांपासून आलेलं ते आपल्या घरात आता कुणाकडेच नाही. माझ्यात नव्हतं, यशूत नाही. तुझ्याबरोबर संपलं. मी ज्याच्यासाठी आयुष्य घातलं ते औषध उद्या खरंच निघालं, तर आपल्या घरात ते घेणारं माणूस नाही. त्या दिवशी दोघींना तळवलीला सोडून मी एकटी घरी आले तेव्हा हे लक्षात आलं, आणि मी बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले. पिंजरे होते, सुया होत्या, ज्यांची नावं मला कधी कळणार नाहीत अशी, हाच आजार असलेली कुठली कुठली घरं असणार. मी हातमोजे घातले.

आपण आत्मा मानणाऱ्यातले नाही. गेलेलं माणूस कुठून ऐकतं, असं कुणी म्हटलं की तू हसायचास. मीही मानत नाही. तू ऐकत नाहीस, हे मला चांगलं माहीत आहे.

तरी सांगते. यशूला नाही, दादा. यशूला नाही.